फुल्यांची वही

"गेला!" कापणीच्या खोलीतून सुनेचा आवाज आला, तशी पलीकडे पॅकिंगच्या टेबलाशी बसलेल्या सासूबाईंनी वहीत आणखी एक फुली मारली. सकाळपासूनची पाचवी.

गेला तो कॉम्प्युटर. शिवणकामाच्या त्या कारखान्यात कपड्यांचे सगळे नमुने त्याच्यावर आखायचे. रविवारी सुनेने मालकांच्या मागे लागून त्यावर नवी सिस्टिम चढवली, आणि सोमवारपासून धडधाकट माणसाला घेरी यावी तसा तो निळा पडदा दाखवून बंद पडू लागला. तिने मेमरीची पट्टी पुसून पुन्हा बसवली, डिस्क तपासली, पंख्यातली धूळ काढली. घेरी काही थांबेना.

"माझा खडू बघा," कापणीचे मास्तर म्हणाले. "तीस वर्षांत एकदा हँग झाला नाही!"

मालकांनी दारातूनच सांगितलं, "दुपारपर्यंत बघा. नाहीतर जुनी सिस्टिम परत टाकायची, आणि उद्यापासून कॉम्प्युटरला बाहेरचा माणूस. तुम्ही आपल्या शिलाई मशीनवर बसा."

शिलाई मशीनवरून त्या खुर्चीपर्यंत यायला सुनेला चार वर्षं लागली होती.

सासूबाईंच्या जिवाला घोर लागला. पंचावन्नाव्या वर्षी त्यांच्याकडून ग म भ न गिरवून घेतलं ते याच पोरीने. अक्षर अजून वेडंवाकडं, म्हणून कुणी जवळ आलं की त्या वहीवर तळवा ठेवत. पण लिहायच्या मात्र सगळं: किती वाजता काय केलं ते. शिवणाऱ्या बाईची ही जुनी खोड. धागा तुटला की लगेच ओवायचा नाही. कापड कुठलं, सुई कुठली, ते आधी बघायचं.

त्यांनी वहीचं पान बोटाने वाचलं. पाचही फुल्या एकाच शब्दासमोर होत्या: लेबल.

लेबलचा जुना प्रिंटर त्यांच्या टेबलावर, वायर भिंतीतून कॉम्प्युटरपर्यंत. त्याचं बटण दाबणारा हात त्यांचाच.

वही छातीशी धरून त्या आत गेल्या. "अगं, तो माझ्यामुळे पडतोय."

"घ्या!" मास्तर म्हणाले. "सुनेचं काम बिघडवायला शेवटी सासूच लागते!"

सुनेने पान वाचलं. पुन्हा वाचलं. "आई, बटण दाबा बरं एकदा."

त्यांनी आपल्या टेबलाशी परत जाऊन दाबलं. निळा पडदा! आणि सून चक्क हसली.

"प्रिंटरचा ड्रायव्हर जुना राहिलाय, आई! त्याला कॉम्प्युटरशी बोलायला लावणारा प्रोग्रॅम असतो ना, तो. नव्या सिस्टिमशी त्याचं पटत नाही. आणि मी भिंतीच्या अलीकडेच शोधत बसले."

जुना काढून तिने नवा उतरवून घेतला, कॉम्प्युटर बंद करून चालू केला. "दाबा."

सरसर तीस लेबलं बाहेर आली. पडद्यावरचा नमुना जागचा हलला नाही.

दुपारी मालक आले तेव्हा सून काम करत होती. "काय झालं होतं?"

"प्रिंटरचा ड्रायव्हर. आईंनी शोधलं."

"मी वहीत नुसत्या फुल्या मारल्या," सासूबाई म्हणाल्या. "अर्थ हिने लावला. कॉम्प्युटरला हीच हवी."

"मग बाहेरच्या माणसाला काय सांगू?"

"येऊ द्या की," मास्तर खडू खिशात टाकत म्हणाले. "या दोघींकडे शिकेल."

मालक हसले. "नको. यांची खुर्ची यांनाच राहू दे. बघू ती वही."

सासूबाईंनी नवी ओळ लिहिली: लेबल, बारा वाजून दहा मिनिटं. फुलीच्या जागी सावकाश एकेक अक्षर काढत लिहिलं, 'चालू'. मग वही मालकांसमोर सरकवली, आणि तळवा उचलून घेतला.