मागणी घालायला आलेली माणसे

माझ्या आधी या मांगरात, म्हणजे घराशेजारच्या छपरीत, तीन पिढ्या नांदून गेल्या. पहिला विश्रामबाबांचा मेणा. मग त्यांचे पुत्र परशुरामबाबा यांची दमणी, म्हणजे छपराची बैलगाडी. तिसरा त्यांचे पुत्र पांडुरंगतात्या यांचा टांगा. टांग्याचा घोडा म्हातारा होऊन गेला आणि चौथ्या पिढीत तात्यांचे पुत्र भाई यांनी मला घरी आणले. मी एक जुनी विलायती मोटार आहे, आचऱ्याच्या सामंतांच्या घरची. मित्रांनो, माझी हकीकत ऐकायची असेल तर नीट बसून ऐका. अर्ध्यावर उठून जाणारे श्रोते मला चालत नाहीत.

मी समुद्रापलीकडच्या कारखान्यात जन्मले आणि मुंबईहून बोटीने मालवण बंदरात आले. तिथून आचऱ्याला यायचे तर मध्ये खाडी, आणि खाडीवर पूल नाही. दोन होड्या शेजारी शेजारी बांधून वर जाड फळ्या टाकतात, त्याला सांगड म्हणतात. महादू नावाच्या तांडेलाने मला त्या सांगडीवरून अलीकडे आणले. फळ्या करकरत होत्या, मी आतल्या आत थरथरत होते आणि भाई छत्री उघडून माझ्या शेजारी उभे होते. ऊन मला लागू नये म्हणून.

पुढची वर्षे कौतुकाची गेली. नवरदेव माझ्यात बसून लग्नाला गेले, आजारी माणसे मालवणच्या डॉक्टरांकडे गेली, जत्रेच्या दिवशी पोरांनी माझा भोंगा वाजवून वाजवून बसवला. मग एस.टी. आली. भाई गेले. घर त्यांच्या पत्नी आनंदीबाई, म्हणजे माई, यांच्या हाती आले. माझ्या फेऱ्या कमी झाल्या, पण माझी निगा कमी झाली नाही. सत्यवान नावाचा ड्रायव्हर होता. तो रोज माझ्या काचा पुसत असे आणि पुसताना हलक्या आवाजात भजन म्हणत असे. त्याचे हात मला आवडत.

मित्रांनो, जुनी वस्तू विसरली जाते, असे तुम्ही ऐकले असेल. माझे दुखणे वेगळे होते. मला कोणी विसरेना. परदेशी मोटारी येणे जवळजवळ बंद झाले आणि अनोळखी माणसे वाट विचारत आमच्या दारात येऊ लागली. मला कोणी बाजारात मांडले नव्हते. तरी मागणी घालणारे येतच होते.

त्यांच्याकडून मी एक गोष्ट शिकले. माणसाचा हेतू त्याच्या तोंडावर नसतो, त्याच्या हातात असतो. कुडाळचा एक हॉटेलवाला आला. त्याने न विचारता माझ्या गादीत बोट खुपसले. त्याला मी नको होते, माझ्या गाद्या हव्या होत्या. बेळगावचा एक जण आला. तो वाकून माझे पोट बघत राहिला, खाटीक बकऱ्याचे बघतो तसे. माईंनी दोघांनाही चहा पाजला आणि वाटेला लावले.

तिसरा आला तो पांढऱ्या बुटांचा शेट. त्याने नाव सांगितले नाही, गाव सांगितले नाही. "मला शेटच म्हणा," एवढेच म्हणाला. त्याने मला हातही लावला नाही. माझ्या नंबराच्या पाटीसमोर तो उभा राहिला आणि आकडे ओठांतल्या ओठांत पुटपुटला. तेव्हाच माझे इंजिन गार पडले.

"माई," तो गोड आवाजात म्हणाला, "गाडी तुमच्याच दारात शोभते. ती राहू द्या. मला फक्त पाटी आणि कागद द्या. किंमत मात्र पुऱ्या गाडीची देतो."

माई परक्यांशी शुद्ध मराठीत बोलत. राग आला की त्या मालवणीत येत.

"नवरो नको, पण तेचा मंगळसूत्र व्हया," त्या म्हणाल्या. "ही खंयची सोयरीक, शेटानू?"

शेट हसला. त्याचा हेतू माईंना कळला होता आणि मलाही. गोव्याच्या हद्दीतून चोरवाटेने आलेल्या कोणा मोटारीला माझे नाव लावायचे आणि तिला उजळ माथ्याने फिरवायचे. मग मी कोण उरले असते? बिननावाचा पत्रा. पुढेमागे कोणी विचारू नये म्हणून कोणत्या तरी शेडमध्ये माझे तुकडेच झाले असते. शेट परत आला, पुन्हा परत आला. दर वेळी त्याची किंमत वाढत गेली आणि दर वेळी माझी धाकधूकही. चौथ्यांदा त्याने सरळच सांगितले, "नुसती पाटी देत नसाल तर गाडीच द्या." माईंनी त्याला पायरीवरूनच परत पाठवले. जाताना तो सत्यवानाजवळ थांबला, विडी पेटवायला काडी मागितली आणि काडी विझून गेली तरी बोलत राहिला. मी तिकडे लक्ष दिले नाही. मी फाटकाकडे बघत होते, कारण फाटकात एक नवाच माणूस उभा होता.

तो बाबली, महादू तांडेलाचा मुलगा. बाप वारल्यावर खाडीवरची सांगड तोच चालवत असे. तो मांगराशी आला, कमरेची दोरी काढली आणि माझ्या चाकांमधले अंतर मापू लागला. दोरीला गाठ मारली. माईंची चाहूल लागताच ओशाळला.

"काय रे बाबली, हंय काय हरवला तुझा?" माईंनी विचारले.

"काय नाय, माई. सहज इल्लंय."

"सहज येतलो तो दोरी घेवन येना नाय."

तो मान खाली घालून निघून गेला. तीन-चार दिवसांनी पुन्हा आला, पुन्हा बघत बसला, काही विचारावेसे वाटून गप्प राहिला.

या घराची त्याच्या बापाशी एक गाठ होती. लढाईच्या काळात एका संध्याकाळी वादळ उठले. महादूची होडी समुद्रात होती आणि काळोखात किनारा दिसत नव्हता. भाईंनी मला थेट वाळूत उतरवले, तोंड समुद्राकडे केले, इंजिन चालू ठेवून दोन्ही दिवे लावले आणि भरतीचे पाणी चाकांना लागले तरी मागे घेतले नाही. महादू त्या उजेडाच्या रोखाने घरी आला. मला दुसऱ्या दिवशी बैलांनी ओढून काढले. पुढे महादू जगला तोवर दरवर्षी गुपचूप माझ्यापुढे नारळ ठेवून जात असे.

अशा बापाचा मुलगा, म्हणून तुम्ही त्याच्यावर विश्वास ठेवला असता. मी ठेवला नाही. उपकाराचे ओझे पुढच्या पिढीला नकोसे होते, हे मी पुष्कळ घरांत पाहिले आहे. दोरी घेऊन येणारा हा बाबलीच मला बुडवणार, अशी माझी खात्री झाली. आणि सत्यवान माझ्या काचा पुसत होता, भजन म्हणत होता.

मग माईंचे पिंगुळीला बहिणीच्या नातीच्या बारशाला जायचे ठरले. खाडीपर्यंत मी त्यांना सोडणार, पलीकडे त्या एस.टी. धरणार. सकाळी सत्यवान हात पुसत पडवीत आला.

"माई, प्लग गेलो. मोटार सुरू होणा नाय."

मित्रांनो, माझा प्लग ठणठणीत होता. मी त्याच्याकडे पाहत राहिले. इतकी वर्षे ज्या हातांवर मी विसंबले, ते हात खोटे बोलत होते आणि मला वाचा नव्हती. माई शेजारच्यांच्या बैलगाडीत बसून निघून गेल्या. बैलगाडी वळणाआड होताच सत्यवानाने मला चालू केले. मी हँडलच्या पहिल्याच फेरीत सुरू झाले, याची मला त्या दिवशी लाज वाटली.

माई पलीकडे पोचतील एवढा वेळ आडवाटेला दडून आम्ही खाडीवर पोचलो. पांढऱ्या बुटांचा शेट झाडाखाली उभा होता. सांगड खाडीतून आमच्याकडे येत होती. फळ्या नव्या होत्या, माझ्या चाकांच्या मापाने बसवलेल्या. दोरीचा अर्थ मला आता कळला. बाबली वल्हे मारत होता. आणि सांगडीच्या मधोमध, नऊवारीचा पदर खोचून, हातात बारशाची पिशवी धरून, कोणी बाई ताठ उभी होती.

"ती बाई कोण?" शेटने डोळ्यांवर हात धरून विचारले.

सत्यवानाने माईंना लांबूनच ओळखले. त्याच्या हाताचा घाम माझ्या स्टिअरिंगला लागला.

घडले होते ते असे. खाडीच्या मध्यावर बाबलीने भीत भीत विचारले होते, "माई, रागव नकात. मोटार इकून तुमका बैलगाडीत बसाची पाळी कित्याक इली?" चौथ्यांदा येतानाच शेटने त्याला सांगितले होते की सौदा झाला आहे, आणि सांगडीसाठी आगाऊ इसार दिला होता; नव्या जाळ्याला पैसे हवेत म्हणून बाबलीने तो घेतला होता. ते खरे का, हेच विचारायला तो घरी येत होता. मोठ्या घरच्या बाईला पैशाचे कसे विचारावे, म्हणून त्याची जीभ उचलत नव्हती. माईंनी एवढेच म्हटले, "होडी फिरव."

सांगड काठाला लागली. माई फळीवरून उतरल्या.

"सत्यवाना, माका न्हेवक इलंस? बरा केलंस. प्लग बरो झालो मरे?"

सत्यवानाने माझे इंजिन बंद केले.

"माई, काहीतरी गैरसमज झाला आहे," शेट पुढे आला. "सौदा तर ठरला होता."

"कोणाशी ठरला, तेवढे सांगा," माई शुद्ध मराठीत म्हणाल्या. "मी ऐकते आहे."

शेटने सत्यवानाकडे पाहिले. पण सत्यवानाची मान वर होईना. तेवढ्यात बाबलीने कमरेची पुरचुंडी सोडली.

"हो घेवा तुमचो इसार, शेटानू. ही मोटार माझ्या सांगडीर चढाची नाय."

"पण मला तरी पलीकडे सोड!"

बाबलीने माईंकडे पाहिले.

"सोड त्यांका," माई म्हणाल्या. "मोटारीचा वजन नाय, बेगीन पोचतले."

शेट गेला तो पुन्हा आला नाही. सत्यवानाने मला घरी आणले. माई मागच्या गादीवर बसल्या होत्या. मांगरात माईंनी हात पुढे केला आणि त्याने किल्ली त्या हातावर ठेवली. त्याच्यावर ओरडणे त्यांनी कमीपणाचे मानले. त्या दिवसापासून माझ्या काचा त्या स्वतः पुसतात. भजन म्हणत नाहीत.

मित्रांनो, तुमच्याही घरात काही जुने असेल. घड्याळ असेल, झोपाळा असेल, माझ्यासारखी एखादी थकलेली मोटार असेल. तिची निगा राखा. कोणी न विचारता तिची किंमत करायला आला, तर त्याच्या आकड्याने हुरळू नका, त्याचे हात बघा. आणि आपल्या घरातले हातही अधूनमधून बघत जा. मी म्हातारी संशयखोर आहे, हे मला मान्य आहे. पण संशयसुद्धा नीट पारखून घ्यावा लागतो. मी तो चुकीच्या माणसावर घेतला होता.

त्या प्रसंगाच्या दुसऱ्या दिवशी तो माणूस, बाबली, घरी आला. माईंनी त्याला पायरीवर बसू दिले नाही, वर पडवीत बसवले.

"जाळ्याक पैसे व्हये होते ना तुका? तुझो इसार गेलो, तो आता माझ्याकडसून घे."

"नको, माई." बाबलीने हात मागे घेतले. "बापूस मरताना सांगान गेलो, सामंतांच्या मोटारीचा एक देणा माझ्यार ऱ्हवला. पैशान फिटाचा नाय, म्हणालो. संधी दिसात तेव्हा फेड."

 माईंनी पैसे पुन्हा कनवटीला लावले. त्याच्यापुढे ते धरून ठेवणे त्यांना बरे वाटले नसावे. त्या उठून उभ्या राहिल्या, म्हणून बाबलीही उठला.

"भाईंच्या वतीन मी सांगतंय, बाबली," त्या म्हणाल्या. "महादूचा देणा फिटला. सगळा फिटला."