पिवळ्या पट्ट्याचं तीर्थ

खाडीकाठच्या दिवाळे गावात गंगाराम भगताच्या अंगणात त्या सकाळी मुंगी शिरायला जागा नव्हती. मधोमध थाळीत गुळाचा खडा आणि त्यावर माश्यांचं संमेलन. भगताने डोळे फिरवत मंत्र पुटपुटला, शेजारच्या डब्यातून पळीभर पाणी काढून गुळावर सोडलं. जरा वेळाने माश्या उताण्या पडून पाय झाडायला लागल्या.

“बगा,” भगत म्हणाला, “माशी म्हंजे पाप. देवीच्या पान्यापुढं पाप टिकत नाय. बोंबलावर शिंपडा, पोरांना पाजा. एकच पानी, सगल्या कामाला.”

सगळ्या कामाला चालणारं औषध कुठल्याच कामाचं नसतं, हे कुणाला सुचलं नाही. सुचणार कसं? बोंबील वाळत घालणाऱ्या गावाला माशी म्हणजे जन्माची वैरीण. तिला जी मारते ती देवीच! ज्यांचं पोट ढवळलं त्यांना भगताने सांगितलं, पाप धुऊन निघतंय. त्यांनी तेही पटवून घेतलं.

गर्दीत जाईबाई आपल्या गोजराला पोटाशी धरून उभी होती. नवरा खाडीत बुडाला तेव्हापासून मायलेकी दोघीच. पोरीचा ताप उतरत नव्हता. दवाखान्यात रांग धरली की मासळी विकायची राहते, भगत तर शेजारी. त्या दिवसापासून गोजराला रोज पेलाभर तीर्थ सुरू झालं.

पोरगी सुधारेना. तोंडाला लाळ सुटली, अंग घामाने भिजलं, हातपाय आपोआप उडायला लागले. जाईबाई तिला उचलून पुन्हा भगताकडे धावली.

“लागलेलं बाहेर निघतंय,” तो म्हणाला. “तलातलं तीर्थ जास्त जागृत असतं.” त्याने डबा तिरका करून तळाचं दुधाळ पाणी पेल्यात ओतलं.

मुलांना डोस पाजायला आलेल्या नर्स स्मिताने गोजराला पाहिलं, तिच्या तोंडाचा वास घेतला आणि रस्त्यावर जाऊन टेम्पो थांबवला. तिघी वाशीच्या दवाखान्याकडे निघाल्या. सानपाड्याच्या अलीकडे गोजराचा श्वास थांबला. जाईबाई मात्र वाशी येईपर्यंत तिला पदराने वारा घालत राहिली.

सुतकातच स्मिता जाईबाईला घेऊन भगताच्या अंगणात आली. अंगण तसंच भरलेलं, गूळही तसाच. तिने डब्याभोवती गुंडाळलेलं लाल फडकं सोडलं. खाली पिवळा पट्टा होता.

“डबा कुठून आणला?”

“देवीनं दिला.”

“देवी भंगारवाल्याकडे जाते का? हा शेतातल्या किडीच्या विषाचा डबा आहे. असे डबे चुकून भंगारात गेले म्हणून कारखान्याने परत मागवलेत. भोंगा लावून जीप गावात फिरली. पिवळ्या पट्ट्याचे डबे परत करा, धुऊनसुद्धा पाणी भरू नका, असं ओरडून सांगत होते. कुणीच ऐकलं नाही?”

सगळ्यांनी ऐकलं होतं. फुकटात डबे जमवायचा नवा धंदा म्हणून बायका हसल्या होत्या. सगळ्यांत मोठ्याने जाईबाई हसली होती.

स्मिताने विहिरीचं पाणी मागवलं. अर्धं स्वच्छ कळशीत ओतून भगतासमोर ठेवलं. “म्हणा यावर हवे तेवढे मंत्र.” अर्धं डब्यात खळबळवलं, त्यावर मंत्राचा एक शब्द नाही. दोन्ही पाणी दोन खड्यांवर सोडलं. मंत्राच्या गुळावर माश्या निवांत जेवत बसल्या. दुसऱ्या खड्यावरच्या मेल्या.

“मारतं ते डब्यातलं विष,” स्मिता म्हणाली. “मंत्राने एक माशीही मेली नाही.”

जाईबाईने डब्यातलं पाणी पेल्यात घेतलं आणि भगतापुढे धरलं. “पी.”

“आज माजा उपास हाय.”

“उपासाला तीर्थ चालतं.”

भगत पेल्याला हात लावेना. त्याच्या घरात कधी कुणी हे तीर्थ प्यायलं नव्हतं, हे शेजारणीने तेव्हा सांगितलं. बैल गेला अन् झोपा केला! पोलीस भगताला घेऊन गेले, पण गोजरा काही त्याने परत येणार नव्हती.

मग जाईबाईने मासळीची टोपली डोक्यावर घेतली आणि भगताने घरोघरी दिलेल्या तीर्थाच्या बाटल्या परत मागत ती फिरली. म्हातारी बयाबाई दारातच आडवी आली.

“नाय देनार. देवी कोपंल.”

जाईबाई उंबऱ्यावर बसली. तिला रडू आवरेना.

“गोजरा बोललेली, आये, याला घान वास येतो. मी तिचं नाक दाबून पाजलं गं. पोरीच्या नाकाला कललं ते मना नाय कललं, कारन मी कुनाला विचारलंच नाय. तुमी विचारा. भगताला विचारा, डाक्टरला विचारा, जीपवाल्याला विचारा, ह्यात काय हाय? जो सांगत नाय, त्याच्या हातचं पोरांना पाजू नका.”

बयाबाई आत गेली, बाटली घेऊन आली. बाटली टोपलीत ठेवली. मग तिने मागे उभ्या नातीला जवळ ओढलं.

“तुला पन वास यायचा काय गं?”

“यायचा,” नात म्हणाली. “पन तू मारली असतीस.”