गाऱ्हाण्यांवर सुटलेला पान्हा

एका लाथेत बादली उकिरड्यापर्यंत गेली, तेव्हा आबा म्हशीला म्हणाले, “विकून टाकीन.”

म्हैस रवंथ करत राहिली. असल्या धमक्या तिनं खूप ऐकल्या होत्या. आमच्या घरात आबा, म्हणजे माझे वडील, रोज काही ना काही विकून टाकत, आणि आई असेपर्यंत कधी काही विकलं गेलं नव्हतं.

पण आईला जाऊन महिना होत आला होता, आणि या खेपेला गुरांचा दलाल खरोखरच येऊन म्हशीचे दात बघून गेला होता. उद्या सकाळी तो दावं घेऊनच येणार होता.

म्हैस आईची. आई तिला ‘बाई’ म्हणायची, आणि घरातल्या बाकी कुणाशी बोलली नसेल एवढं तिच्याशी बोलायची. आई गेली त्या दिवसापासून बाईनं पान्हा चोरला. कास दगडासारखी व्हायची, पण सडाला हात लावला की लाथ. मी शहरातून येऊन राहिले होते. धार काढणं पोहण्यासारखं असतं, हात विसरत नाहीत. माझे हात ठीक होते, म्हैस राजी नव्हती. जेमतेम तळ झाकेल एवढं दूध पिळून काढायचे, आणि तेवढ्यासाठी दोघी घामाघूम व्हायचो.

गावानं सल्ले दिले. सरकी चारा. गरम पाण्यानं शेका. रेडिओ लावा. एकानं आरसा दाखवायला सांगितलं. बाईनं आरसा चाटला. गुरांचा डॉक्टर म्हणाला, “आजार काही नाही. हट्ट आहे. हट्टावर आमच्याकडे इंजेक्शन नाही.”

त्या दिवशी दवाखान्यातली नर्स आली ती म्हशीसाठी नव्हे, आबांसाठी. आबांचे दोन्ही गुडघे झिजलेले. उठताना कुणी वाळक्या काटक्या मोडतंय असं वाटे. म्हणून ते हल्ली उठतच नसत. ओसरीवरच्या खुर्चीतून जगाचा कारभार बघत.

“आजोबा, दुखतं म्हणून तुम्ही हलत नाही, आणि हलत नाही म्हणून जास्त दुखतं,” नर्स म्हणाली. “खुर्चीत नीट टेका. एक पाय हळूहळू समोर सरळ करा. मांडी घट्ट. दहा अंक मोजा. सावकाश खाली. एवढंच.”

“जन्मभर नांगरामागं चाललो. आता खुर्चीत बसून तंगड्या हलवू?”

“हलवा. थोडं दुखलं तर चालेल, फार दुखलं तर थांबायचं. आजी करायच्या की रोज.”

“कोण, ही?” आबांनी सवयीनं स्वयंपाकघराकडं मान वळवली, मग परत आणली. “तिला पाय हलवताना मी कधी पाहिली नाही.”

“तुम्ही कुठं बघायला गेलात, भावोजी?” कुंपणाच्या भिंतीपलीकडून काकूंचा आवाज आला. या आमच्या शेजारीण. त्यांचं भिंतीपलीकडं कायम काहीतरी काम चाललेलं असे आणि कान अलीकडं. “गोठ्यात करायची ती. धार काढायच्या वेळेला, खोक्यावर बसून. मी रोज ऐकायची.”

“व्यायाम ऐकायला येतो?”

“तिचा यायचा.” काकू भिंतीवर हनुवटी टेकून उभ्या राहिल्या. “आकडे मोजायचा तिला कंटाळा. म्हणून पाय वर केला की म्हशीला एक गाऱ्हाणं सांगायची. गाऱ्हाणं संपलं की पाय खाली. मग दुसरं गाऱ्हाणं, पुन्हा पाय वर. तेवढ्यात ती म्हैस पाझरायला लागायची.”

“कुणाची गाऱ्हाणी?” आबांनी विचारलं.

काकूंनी माझ्याकडं पाहिलं. नर्सनं आपल्या पिशवीकडं पाहिलं.

“आता कुणाची असणार, भावोजी?”

आबांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाले, “म्हैस शहाणी असती तर तिनं एका कानानं ऐकून दुसऱ्यानं सोडलं असतं.”

“तिनं सडानं सोडलं,” काकू म्हणाल्या.

आम्ही लगेच गोठ्यात गेलो. काकूंनी उभ्या उभ्या दोन गाऱ्हाणी म्हटली. बाईनं कान टवकारले, रवंथ थांबवलं, पण कास आवळलेलीच. मग मी खोक्यावर बसून पाय वर केला आणि काकूंमागून म्हटलं. माझा पाय सरसर वर गेला. बाईनं तोंड फिरवलं. नर्सनं आकडे मोजून पाहिले, तेव्हा तर तिनं शेपटी मारली.

“हिला दुखरा गुडघा लागतो,” काकू म्हणाल्या. “मोडल्यासारखा आवाज यायला हवा. नर्सबाई, गावात असे गुडघे कुणाचे?”

आम्ही तिघी ओसरीकडं बघायला लागलो.

“मेलो तरी बसणार नाही,” तिकडून आबा ओरडले. “माझ्याच गोठ्यात, माझ्याच म्हशीपुढं, माझीच निंदा?”

“म्हैस तुमची कधीपासून?” काकू म्हणाल्या. “आणि निंदा कसली? त्यातलं एक खोटं दाखवा.”

दुसऱ्या दिवशी उजाडताना मला काठीचा आवाज आला. आबा गोठ्यात खोक्यावर बसले होते. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. इथं हरीला स्वतःचाच पाय धरून वर करावा लागत होता. काकू भिंतीशी हजर होत्या. मी बादली घेऊन म्हशीच्या कुशीला बसले.

“हं, भावोजी. पाय वर.”

गुडघा कडकड वाजला. बाईचे कान वळले.

“‘भाजीत मीठ कमी पडलं की गल्लीला ऐकू जातं,’” काकू सांगू लागल्या.

“भाजीत मीठ कमी पडलं की गल्लीला ऐकू जातं,” आबा दातओठ खात म्हणाले.

“‘आणि नीट पडलं की तोंडाला कुलूप.’”

“नीट पडलं की... हे मी कधी केलं?”

“पाय खाली येतोय, भावोजी!”

“कुलूप! तोंडाला कुलूप!”

माझ्या हाताखाली काहीतरी सैल झालं.

“पुढचं,” मी म्हणाले.

“‘स्वतः शिंकला तर घर डोक्यावर घेतो. मी तापानं फणफणले, तर म्हणतो जरा पड, आणि पडायच्या आधी चहा टाक.’”

आबांनी ते सगळं म्हटलं. पाय थरथरत होता. पहिली धार बादलीच्या पत्र्यावर वाजली, मग दुसरी, आणि मग मला बाकी काही ऐकू येईना. फेस वर चढत गेला. काकू सांगत होत्या, आबा म्हणत होते, बाई डोळे मिटून उभी होती.

तेवढ्यात दलाल दारात आला. त्याला दिसलं ते असं: एक म्हातारा पाय हवेत धरून म्हशीला सांगतोय, “पाहुण्यांना आग्रह करतो हा, आणि चुलीपुढं मरते मी.” भिंतीवर एका बाईचं नुसतंच डोकं. आणि बादली काठोकाठ भरलेली.

“ते आलो होतो... म्हशीचं...” तो म्हणाला.

“थांबा जरा,” आबा ओरडले. “अजून घोरण्याचं राहिलंय.”

दलालानं थोडा वेळ ऐकून घेतलं. “म्हैस चांगली आहे,” अखेर तो मला हळूच म्हणाला, “पण तिच्याबरोबर यांनाही न्यावं लागणार असेल, तर मला परवडायचं नाही.” दावं खांद्यावर टाकून तो निघून गेला.

असं रोज दोन्ही वेळेला सुरू झालं. गाऱ्हाणी आबांना पाठ झाली, काकूंची गरज उरली नाही. तरी त्या यायच्या. पावसाळी हवेतही आबा काठी विसरून गोठ्यात जाऊ लागले. गुडघा अजून वाजायचा, पण पूर्वीसारखा कण्हायला लावत नसे. नर्सनं तपासून मान हलवली. “छान. आता दुसऱ्या पायालाही तेवढंच. आणि मग खांबाला धरून उभं राहायचं, पाय बाजूला न्यायचा.”

तिथं गाडं अडलं.

त्या संध्याकाळी दोन सड झाले आणि बाईनं कास आवळली. दुसऱ्या पायाच्या घाईत आबांनी सगळी गाऱ्हाणी भराभर उरकली होती आणि पाय बदलून मिठाचं पुन्हा काढलं होतं. एकदा ऐकलेलं बाई त्याच धारेला परत ऐकून घेत नव्हती. आबांनी पाहुण्यांचं काढलं. तिनं लाथ उगारली.

“संपली,” आबा म्हणाले.

“काय?”

“तिची गाऱ्हाणी. काकूला भिंतीपलीकडून एवढीच ऐकू आली.” त्यांनी म्हशीकडं पाहिलं. “हिला सगळी माहीत आहेत, पण ही सांगायची नाही.”

बादली अर्धी होती. पान्हा सुटल्यावर दूध असं अर्धवट अडून राहिलं तर कास बिघडते, हे दोघांनाही ठाऊक होतं. कास बिघडलेल्या म्हशीला दलालाशिवाय कुणी विचारत नाही.

आबांनी डावा पाय उचलला, सरळ केला आणि तसाच धरून ठेवला.

“तू सांग पोरी,” ते म्हणाले. “तू घरात होतीस. अजून काय काय चुकलं माझं?”

आबांनी मला आजवर गाडीच्या वेळा विचारल्या होत्या, चष्मा कुठं आहे ते विचारलं होतं. असलं काही कधीच विचारलं नव्हतं.

“लवकर सांग. पाय दुखतोय.”

“तिला समुद्र बघायचा होता,” मी म्हणाले.

मला वाटलं, आबा आता पाय खाली घेतील. पण ते म्हशीकडं वळले.

“तिला समुद्र बघायचा होता,” त्यांनी तिला सांगितलं. मग मी न सांगितलेलं पुढचं वाक्य त्यांनीच म्हटलं. “मी म्हणालो, त्यात काय बघायचं, पाणीच तर आहे.”

बादलीत धार वाजली. मी मान खाली घालून दूध काढत राहिले. आबांनी पाय तसाच वर धरला होता, नर्सनं सांगितलं होतं त्याहून कितीतरी जास्त वेळ.