दोन्ही नकला

परभणीला स्टेशन रोडवर, कापडाच्या एका दुकानावरच्या माडीत दिनकररावांचं संगणक टायपिंगचं दुकान होतं. एक मशीन, एक प्रिंटर आणि ते चालवणारी सत्यशीला. लग्नपत्रिका, प्रबंध, अहवाल, येईल ते ती टाइप करायची. पण त्र्याण्णवच्या त्या उन्हाळ्यात तिचा खरा जीव गुंतला होता तो सांबप्पा गुरुजींच्या कामात.

गुरुजी चारठाण्याचे, शाळेतून निवृत्त झालेले. डोळ्यांत मोतीबिंदू उतरल्यामुळं लिहिणं बंद पडलेलं. गावातली पडकी देवळं, कुठली मूर्ती कोणाच्या नांगराला लागली, कुठला खांब कोणी गोठ्याला नेला, सगळं त्यांना तोंडपाठ. ते एसटीनं यायचे, तिच्या शेजारी स्टुलावर बसून सांगायचे आणि ती ऐकता ऐकता टाइप करायची. कागदावर त्यातली एक ओळ नव्हती. एकेका देवळाची एकेक फाइल. मध्यंतरी फ्लॉपी खराब निघाली, तेव्हापासून ती प्रत्येक फाइलची नक्कल मशीनमध्येच दुसऱ्या डिरेक्टरीत ठेवायला लागली होती.

मे महिन्यात मशीनमधली जागा संपली. दिनकररावांनी सूतगिरणीच्या अहवालाचं मोठं काम घेतलं होतं. ते म्हणाले, "दोन-दोनदा ठेवलेलं सगळं हुडक आन् काढून टाक. दुपारी गिरणीच्या फ्लॉप्या चढवायच्या हायत."

सत्यशीला काळ्या पडद्यासमोर बसली. डीआयआर टाकून एकेक डिरेक्टरी उघडायची, नाव आणि आकार सारखा दिसला की दोन्ही फायली ताडून बघायची कमांड द्यायची. नुसत्या आकारावर तिचा विश्वास नव्हता. मशीननं दोन्ही सारख्या म्हटल्यावरच ती एक पुसायची. गुरुजींच्या फायली ताडून होईपर्यंत जेवायची वेळ झाली. उठताना ती म्हणाली, "काका, गुरुजींच्या फायली दोन्हीकडं सारख्याच हायत. जेवून आले की एकीकडच्या काढते."

तेवढंच काम हलकं होईल म्हणून दिनकररावांनी एका डिरेक्टरीतल्या फायली स्वतःच काढल्या आणि ते खाली चहाला गेले. सत्यशीला परत आली ती कमांड डोक्यात घेऊनच. दुसऱ्या डिरेक्टरीत जाऊन तिनं सगळं पुसायला सांगितलं. मशीननं विचारलं, नक्की? तिनं वाय दाबला.

दिनकरराव वर आले. जागा झालेली बघून खूश झाले आणि त्यांनी गिरणीची पहिली फ्लॉपी चढवली.

ती चढून होते न होते तोच जिन्यावर पावलं वाजली. गुरुजींच्या पत्नी नागुबाई आणि सून महादेवी. नागुबाई दारातच भिंतीला धरून उभ्या राहिल्या.

"परवा उठायला गेले आन् पडले," त्या म्हणाल्या. "उजवी बाजू गेली. वाचा बसली. नुसतं बघायलेत माय."

महादेवी म्हणाली, "ताई, त्यांनी सांगितलेलं जेवढं झालंय तेवढं कागदावर काढून द्या. मी वाचून दाखवीन. डॉक्टर म्हणले, त्यांना ऐकू येतंय, समजतंय."

"आत्ता देते," म्हणत सत्यशीला मशीनपाशी बसली. तिनं डिरेक्टरी उघडली. फाइल नाही. दुसरी उघडली. तिथंही नाही.

"काका, तुमी काही काढलं का?"

"काढलं की. तूच म्हणलीस ना, सारख्या हायत म्हणून." बोलता बोलता त्यांनी गिरणीची दुसरी फ्लॉपी हातात घेतली.

तिनं त्यांचं मनगट धरलं. आजवर तिनं त्यांच्याशी वर मान करून वाद घातला नव्हता. "थांबा. आता ह्याच्यावर एक अक्षरसुदिक चढवायचं न्हाई."

पुसलेली फाइल लगेच नाहीशी होत नाही, हे तिला ठाऊक होतं. नावाचं पहिलं अक्षर तेवढं जातं. मजकूर तिथंच पडून राहतो, त्याच्यावर दुसरं काही येऊन बसेपर्यंत. आणि एक फ्लॉपीभर गिरणी आधीच येऊन बसली होती.

पुसलेलं परत आणायची कमांड तिनं दिली आणि त्याच क्षणी लाइट गेली. पंखा थांबला. मशीन बॅटरीवर आलं, पायाशी बॅटरीचा डबा टूं टूं करायला लागला.

"किती वेळ चालतंय ते?" महादेवीनं विचारलं.

"जुनी झालीय बॅटरी," दिनकरराव एवढंच म्हणाले.

पडद्यावर एकेक नाव येऊ लागलं, पहिल्या अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह. मशीन अक्षर विचारायचं, सत्यशीला देवळाचा डी दाबायची. पहिली आली. दुसरी आली. तिसऱ्या फाइलवर मशीननं नकार दिला, तिच्या जागी गिरणी बसली होती. पुढच्या दोन गेल्या. नागुबाईंना वाचता येत नव्हतं, त्या सत्यशीलाच्या तोंडाकडंच बघत होत्या.

"गेलं का सगळं?"

"न्हाई आजी. अजून एक जागा हाय."

दुसऱ्या डिरेक्टरीत त्याच फायली डिस्कवर वेगळ्या ठिकाणी पडल्या होत्या. इकडं गेलेल्या तिकडं सापडायला लागल्या. डब्याचा आवाज आता सलग झाला होता. तिनं कोरी फ्लॉपी घातली, सगळं तिच्यावर उतरवायला सांगितलं आणि ड्राइव्हच्या लाल दिव्याकडं बघत राहिली. दिवा विझला. पाठोपाठ पडदाही काळा झाला.

दिनकररावांनी गिरणीच्या फ्लॉप्या गोळा करून कपाटात ठेवल्या.

"त्यांचं उद्या बघू," ते म्हणाले.

लाइट आल्यावर तिनं फ्लॉपी उघडली. सगळ्या फायली होत्या, एक सोडून. मळ्यातल्या बारवेची हकिकत, त्या पायऱ्यांच्या जुन्या विहिरीची, दोन्हीकडून गेली होती.

त्या रविवारी सत्यशीला चारठाण्याला गेली. महादेवीनं छापलेले कागद वाचले. गुरुजी डोळे मिटून ऐकत होते, एकदोनदा ओठ हलले. शेवटी सत्यशीला बाजेजवळ सरकली.

"गुरुजी, बारवेचं माझ्या हातून गेलं. मला आठवतंय तसं सांगते. चुकलं तर हात हलवा."

तिनं सुरुवात केली आणि डावा हात लगेच हलला. तिनं दुसरं सांगून बघितलं. पुन्हा हलला. घामानं तिचा पदर भिजला. चुकत, दुरुस्त करत, कसाबसा अर्धा कागद उभा राहिला. गुरुजींनी सांगितलं होतं त्याच्या तो पासंगालाही पुरला नसता.

नागुबाई उंबऱ्यावर बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "दुष्काळात ती बारव माझ्या बापानं आन् चुलत्यांनी उपसली. आमी बाया गाळ वाहायलो होतो. हे सांगितलं का त्यांनी?"

"न्हाई," सत्यशीला म्हणाली.

तिनं गुरुजींकडं बघितलं. ते बायकोकडं बघत होते. हात हलला नाही.

"सांगा आजी," सत्यशीला म्हणाली आणि तिनं कागद पालटला.