कोरी वाटलेली डिस्क

'डिस्क फॉरमॅट केलेली नाही. करायची का?' स्क्रीनवर प्रश्न आला आणि धाकट्याने सवयीने 'हो' दाबलं. हात आधी, डोकं मागून, ही त्याची जुनी खोड. हिरवी पट्टी टोकाला पोचली तेव्हा कुठे त्याच्या लक्षात आलं, आतलं सगळं पुसलं गेलं होतं.

डिस्क नवी, तीन टेराबाइटची. घरच्या लॅपटॉपवर मुकाट चालणारी. रेकॉर्डिंग स्टुडिओतला हा समोरचा कॉम्प्युटर मात्र पंधरा वर्षांचा, दोन टेराबाइटच्या पुढे मोजताच न येणारा. त्या म्हाताऱ्याला भरलेली डिस्क कोरी वाटली. आणि डिस्कमध्ये होता ताईचा आवाज, दोन महिने रेकॉर्ड केलेला. घशातल्या गाठीमुळे आज दहा वाजता तिची स्वरपेटी काढणार होते. पुढे यंत्राने तिच्याच आवाजात बोलावं म्हणून हा सगळा खटाटोप. जागा करायला लॅपटॉपवरच्या मूळ फायली याने परवाच उडवल्या होत्या, शहाण्याने.

साडेआठ वाजले होते. वायर उपटून त्याने ओळखीच्या दुरुस्तीवाल्याला फोन लावला.

"आता तिला हातही लावू नकोस," दुरुस्तीवाला म्हणाला. "आतलं परत निघेल कदाचित. शब्द देत नाही."

फोन ठेवतो तोच दवाखान्यातून ताईचा आला.

"आवाज नीट ठेवलास ना रे माझा?"

'हो' म्हटलं तर ती निर्धास्त आत जाईल. पण मग बोलता येण्याजोगा शेवटचा तास फुकट जाईल. त्याने फोन स्पीकरवर टाकून माइकसमोर धरला, रेकॉर्डिंग सुरू केलं आणि खरं ते सांगून टाकलं.

सेकंद सरकत होते आणि स्क्रीनवरची आवाजाची रेघ सपाट. ही आता बोलायचीच नाही, असं त्याला वाटलं.

"गाढवा," ताई म्हणाली आणि रेघ उसळली. "माझी सायकल खोललीस, ती जोडता आली नाही. आईचं घड्याळ खोललंस, तेही गेलं. आता मीच उरले होते का?"

दोन महिने तिने शाळेतला धडा वाचावा तसं वाचलं होतं. असं एकदाही बोलली नव्हती.

"ताई, रेकॉर्ड होतंय. थांबू नकोस."

"थांबते कशाला?" तिचा आवाज कापत होता. "पावणेदहापर्यंत मोकळीच आहे मी."