नाकाशेजारचा टाका

डोळ्याला लागल्यापासून तिला डावीकडे पाहिलं की एकाचे दोन दिसायचे. मुलगा त्या बाजूला उभा राहिला की दोन मुलगे. एकानेच जीव नकोसा केला होता, त्यात ही भर! पण हसू आलं नाही, की रडू आलं नाही. त्याचा ठोसा बसला त्या संध्याकाळपासून तिला काही वाटतच नव्हतं.

दवाखान्यात तोच घेऊन आला. "कपाटाचं दार लागलं म्हण," असं गाडीत पढवून ठेवलं होतं, तिने तसंच म्हटलं. डॉक्टरीणबाई तिच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिल्या.

"डोळ्याच्या खोबणीची नाकाकडची भिंत कागदासारखी पातळ असते," त्या म्हणाल्या. "ती फुटलीय, आणि डोळा फिरवणारा स्नायू त्या फटीत अडकलाय. तो सोडवायला हवा. मी सांगेपर्यंत नाक अजिबात शिंकरायचं नाही. हवा डोळ्यामागे शिरेल."

शिंकरायला आधी रडावं लागतं. तिने नुसती मान हलवली.

"पण आत जाणार कुठून?" मुलाने विचारलं.

"डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात तो गुलाबी ठिपका दिसतो ना, त्याच्या मागून. बाहेर खूण राहत नाही. पूर्वी नाकाशेजारी कातडीवर चिरायचे, त्याचा व्रण राहायचा."

"म्हणजे कुणाला कळणारही नाही?"

त्याचा जीव भांड्यात पडला. पुढच्या महिन्यात त्याची होणारी बायको घर बघायला येणार होती. गोड मुलगी, फोनवर खळखळून हसायची.

तिला स्वतःची सासू आठवली. सासूच्या भुवईवर कायम पावडरीचा जाड थर असायचा. नव्या नवरीला वाटलं, म्हातारीला नटायची हौस आहे. त्या थराखाली काय आहे ते तिला लग्नानंतर वर्षभराने कळलं, नवऱ्याचा हात पहिल्यांदा उठला तेव्हा. बाप तसा बेटा, हे तिला कुणीतरी आधी सांगायला हवं होतं. आणि तिने स्वतः तरी जन्मभर काय केलं? शिवणकामाच्या दुकानात फाटलेलं असं सांधायचं, की गिऱ्हाइकाला जागा सापडू नये.

"मला बाहेरूनच चिरा," ती म्हणाली.

"अगं आई, वेड लागलंय का तुला?"

"तू बाहेर जा," डॉक्टरीणबाई त्याला म्हणाल्या. दार लागल्यावर त्यांनी खुर्ची जवळ ओढली. "व्रण राहील हं. कायमचा."

"राहू दे. दार नव्हतं ते, बाई."

"माहीत आहे मला. तक्रार करायचीय? मी आहे सोबत."

"आधी त्या पोरीला दिसू दे."

 डॉक्टरीणबाईंनी तिच्या नाकाशेजारी बोटाने हळूच एक छोटी कमान काढून दाखवली. "इथून," म्हणाल्या.

होणारी सून घर बघायला आली तेव्हा टाके निघाले होते, खूण लालभडक होती. मुलाने दिवाणखान्यातले दिवे मंद करून ठेवले होते. आईने उठून सगळे लावले.

"अगंबाई, काकू, हे काय लागलं?"

"कपाटाचं दार..." मुलगा डावीकडून म्हणाला. तिने तिकडे बघितलं. आता तो एकच दिसत होता, स्वच्छ.

"दार नव्हतं, बाळा," ती मुलीला म्हणाली. "ह्याचा हात होता. ह्याच्या बापाचाही असाच उठायचा. मला कुणी सांगितलं नव्हतं."

मुलीने कप खाली ठेवला. मुलाकडे बघितलं. तो आईकडे डोळे वटारून बघत होता. मग तिने पर्स उचलली. जाता जाता वाकून तिने काकूंच्या खांद्यावर हात ठेवला, आणि दार हळूच ओढून घेतलं.

मुलगा ओरडत होता. तिला नीट ऐकू येत नव्हतं, कारण तिचं नाक वाहायला लागलं होतं. डोळेही. मागच्याच आठवड्यात डॉक्टरीणबाईंनी बंदी उठवली होती. तिने रुमाल काढला आणि जोरात, मनसोक्त नाक शिंकरलं.