तिवरखारची दुसरी शेड

दिनेओला रोह्यात खोली मिळाली असती, तर ती तिवरखारला आलीच नसती.

अठ्ठ्याऐंशी सालचा मे महिना. शेतकी कॉलेजात ती एम.एस्सी. करत होती आणि तिचा विषय होता खारजमिनीतलं भात. माती पेणकडच्या खाडीकाठची, आणि ती तपासायची सोय रोह्यातल्या एका कंपनीच्या प्रयोगशाळेत. म्हणून रोह्यात राहायचं ठरलं. खोली शोधायला वर्गातला कमळाकर पाटील सोबत आला. पहिल्या घरमालकानं दिनेओकडे पाहिलं, मग कमळाकरकडे, आणि म्हणाला, "खोली कालच गेली हो." दुसऱ्यानं दार अर्धंच उघडलं. तिसऱ्या घरची बाई बाहेर आली आणि तोंडाला पदर लावून तिनं आतल्या माणसांना हाक मारली, "या गो, बघा तरी." कमळाकरचे कान लाल झाले. तो भांडायला वळला, तेव्हा दिनेओच म्हणाली, "चल, ऊन वाढतंय."

तिला वाईट वाटलं नव्हतं. वाईट वाटणं म्हणतात ते तिला बऱ्याच दिवसांत झालंच नव्हतं. जोहान्सबर्गबाहेरच्या काळ्यांच्या वस्तीत ती वाढली. शाळकरी वयात वर्गमैत्रिणींवर गोळ्या झाडलेल्या पाहिल्या आणि सीमेपलीकडे पळाली. टांझानियात शिकली, शिष्यवृत्तीवर भारतात आली. गेल्या वर्षी तिकडे आई गेली. पोलिसांचा हुकूम होता: अंत्ययात्रेला मोजकीच माणसं, घोषणा नाहीत, गाणी नाहीत. हे तिला लंडनमधल्या एका ओळखीच्यानं फोनवर सांगितलं, तोवर आईला माती देऊन झाली होती. तेव्हापासून तिच्या आत काहीतरी बधिर होतं. दात काढताना इंजेक्शन दिलं की गाल कसा आपला वाटत नाही, तसं. रस्त्यात लोक वळून बघत, पोरं मागे लागत, आणि तिला कळे की इथं राग यायला हवा. तो येत नसे.

"आमच्या घरी राहा," कमळाकर म्हणाला. "आई हाय, जागा हाय. पेणहून रोह्याला गाडी मिळते. खोलीबिली नको."

तिवरखार म्हणजे खाडीच्या पातळीखाली वसलेलं गाव. मातीचा लांबलचक बांध समुद्राला अडवतो, बांधाच्या आत भातशेती, बाहेर मिठागरं आणि तिवरांचा चिखल. कमळाकरचे वडील जनू पाटील पूर्वी सरपंच होते; पद गेलं तरी गाव त्यांना विचारल्याशिवाय हलत नसे. आई कृष्णाबाई. तिनं दारात आलेली काळीभोर मुलगी पाहिली, क्षणभर थबकली, आणि मग तिचा हातच धरला.

"ये गो, आत ये. किती ऊन लागलंय."

चार दिवसांत दिनेओची दिनू झाली. ती कृष्णाबाईच्या चुलीशेजारी बसून तांदळाची भाकरी आणि जवळ्याचं कालवण खाऊ लागली. संध्याकाळी कृष्णाबाई तिच्या केसांत तेल घालायला बसे आणि हसून हसून थके. "तेल मुरतच नाय गो! कुठं जातंय समदं?" शेजारणी बघायला येत. पहिले काही दिवस त्यांनी तिच्या हाताला हात लावून पाहिला, रंग निघतो का म्हणून. मग तेही थांबलं.

मातीचे नमुने गोळा करायला मदतीला कमळाकरनं मैनाला लावून दिलं. मैना बौद्धवाडीतली. गावापासून बौद्धवाडी वेगळी, बांधाच्या अगदी कडेला, जिथं पाणी आधी शिरतं. दोघी सकाळभर चिखलात फिरत. मैना मातीचा थर बोटानं चाचपी, दिनेओ पिशव्या भरी, दोघी एकमेकींच्या मराठीला हसत. दुपारी पाटलांच्या घरी परतल्या की दिनेओ आत चुलीपाशी जाई आणि मैना अंगणातल्या शेवग्याखाली बसे. कृष्णाबाई तिची भाकरी वरून हातात टाकी. फटकारून नव्हे. बोलत, चौकशी करत, मायेनंच, फक्त वरून.

पहिल्या दिवशी दिनेओ ताट घेऊन बाहेर जायला उठली. कृष्णाबाईनं तिला हातानं खाली बसवलं. "तू बस. तू घरची."

ती बसली. घास गिळता गिळता तिला आठवलं, तिच्या देशात कायद्यानं माणसांचे रंग वाटून दिले होते, पण जपानी व्यापारी आले की सरकार त्यांना 'मानद गोरे' ठरवायचं, म्हणजे त्यांना गोऱ्यांच्या हॉटेलात उतरता यायचं. लहानपणी वस्तीत सगळे त्यावर हसायचे. आता इथं तीच मानद काहीतरी झाली होती. रोह्यात नाही, पण या चुलीपाशी होती. कालवण चविष्ट होतं. तिनं आणखी मागितलं.

जुलैत एकदा मैना तिला आपल्या घरी घेऊन गेली. मैनाची सासू ठमाबाई ओट्यावर जाळं विणत बसली होती. मैनाचा नवरा हिरामण रोह्याला कंपनीत कामाला होता, शिफ्ट जुळली की घरी यायचा. ठमाबाईनं डोळे बारीक करून दिनेओला न्याहाळलं.

"कुठली गो तू?"

"आफ्रिकेतली."

"तिकडं पण वाडी येगळी असती का?"

"असते," दिनेओ म्हणाली. "खूप मोठी असते."

"मंग तू आमचीच," म्हातारी म्हणाली आणि सुनेला चहा टाकायला सांगितलं.

ही बातमी दिनेओच्या आधीच पाटलांच्या घरी पोचली. कृष्णाबाईनं मोरीत कढत पाणी काढून ठेवलं होतं. "नाऊन घे गो दिनू, चिखलातनं आलीस." चिखलातून ती रोजच यायची, पाय धुऊन आत जायची. आज कृष्णाबाई दारात उभी होती आणि तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, अवघडलेपण होतं. दिनेओनं पाहिलं, समजली आणि आंघोळ केली. पाणी छान होतं. मोरीत उभ्या उभ्या तिनं स्वतःला विचारलं, आता तरी काही वाटतंय का? नाही वाटलं.

श्रावणातल्या अवसेच्या उधाणाला बांध फुटला. पाणी बौद्धवाडीच्या शेतांत आणि पलीकडच्या सगळ्या सखल पट्ट्यात शिरलं. त्याच सकाळी ठमाबाई गेली. दोन दिवस ताप होता एवढंच. हिरामण रोह्याहून आला तोवर दुपार होत आली होती आणि भरती पुरती चढली होती. बौद्धवाडीची जाळायची जागा बांधाबाहेर, खाडीच्या कडेला. तिथं आता पाणीच पाणी. गावाचं स्मशान देवळामागच्या टेकाडावर होतं. कोरडं, वर पत्र्याची शेड, बसायला कट्टा.

हिरामण वाडीतली चार माणसं घेऊन पाटलांच्या अंगणात आला. दिनेओ ओटीवर कमळाकरशेजारी उभी होती.

"जनूदादा," हिरामण म्हणाला, "आजच्यापुरती टेकाडावरची जागा द्या. तिकडं छातीभर पाणी हाय."

जनू पाटील बराच वेळ सुपारी कातरत राहिले. वाईट माणूस नव्हता. ठमाबाईनं त्यांच्या शेतात आयुष्यभर लावणी केली होती. ती गेल्याचं ऐकून त्यांनी सकाळी जेवण टाकलं होतं.

"हिरामण, लाकडं देतो. सुकी हायत, माळ्यावरची. राकेल देतो, ताडपत्री देतो. जागा तेवढी मागू नको."

"दादा, म्हातारी हाय."

"मी नाय म्हणत नाय रे. गाव नाय म्हणंल. उद्या माझ्या घरातलं कोण तिथं न्यायचं झालं तर लोक खांदा देतील का? संध्याकाळी ओहोटी लागंल. तवर थांबा."

दिनेओला वाटलं कमळाकर बोलेल. तो ओटीच्या खांबाकडे बघत होता. मग तीच पुढे झाली आणि आपल्या पुस्तकी मराठीत म्हणाली, "ती जागा रिकामी आहे. तिथे आज कोणीही नाही."

जनू पाटलांनी तिच्याकडे पाहिलं. आवाज चढवला नाही. "तू पाव्हणी हायस गो पोरी. तुला हितलं नाय कळायचं."

हिरामणनं मान हलवली. मग तो आणि त्याच्यासोबतची माणसं माळ्यावरून लाकडं उतरवायला लागली. कमळाकर धावत जाऊन त्यांना हात लावू लागला, जड ओंडके तोच उचलत होता. ते सगळं बैलगाडीत भरून झाल्यावर तो घामानं भिजून दिनेओजवळ आला आणि इंग्रजीत, कोणाला कळू नये म्हणून, म्हणाला, "हे तुमच्याकडच्यासारखं नाही. तसा कायदा नाही आमच्याकडे. कायदा उलट आहे."

"हो," दिनेओ म्हणाली. "आमच्याकडे पाटी असते. वाचता येते."

"तुला राग आलाय."

"नाही," ती म्हणाली, आणि ते खरं होतं.

ती बौद्धवाडीत जाऊन बसली. ठमाबाईला ओट्यावर ठेवलं होतं, वरून ताडपत्री, खाली ओट्याच्या पायरीला पाणी टेकलेलं. बाया रडून थकल्या होत्या. सगळी माणसं पाण्याकडे बघत होती, ते उतरतंय का म्हणून. मैनानं दिनेओच्या मांडीवर डोकं टेकलं आणि तशीच पडून राहिली. दिनेओ तिच्या केसांतून हात फिरवत राहिली. तिच्या आईच्या वेळी वस्तीतले लोक असेच बसले असतील, पोलिसांची गाडी हलायची वाट बघत. इथं गाडी नव्हती, पोलीस नव्हते. नुसती भरती होती, आणि भरतीचा दोष कुणाला देणार?

ऊन कललं तेव्हा पाणी उतरलं. माणसांनी ठमाबाईला खांद्यावर घेतलं आणि फुटक्या बांधावरून, मांडीभर चिखलातून निघाले. बाया वाडीच्या टोकाशी थांबल्या. दिनेओ थांबली नाही, आणि तिला कुणी थांबवलंही नाही. एका ठिकाणी पुढच्या माणसाचा पाय रुतला, तिरडी कलली, तेव्हा तिनं खांदा दिला आणि मग तो शेवटपर्यंत तिच्याच खांद्यावर राहिला. म्हातारी हलकी होती.

ओल्या जमिनीवर लाकडं रचली. राकेल ओतलं. धूर फार झाला, जाळ कमी. हिरामण वाकून फुंकत होता, त्याचे डोळे धुरानं गळत होते, की रडत होता, ते कळत नव्हतं. शेवटी पेटलं. अंधार पडायच्या आत परतायला हवं होतं, कारण पाणी पुन्हा वळणार होतं. चिता अर्धीमुर्धी जळत असतानाच सगळे माघारी फिरले. कोणी मागं पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी दिनेओ तिथं गेली तेव्हा रात्रीच्या भरतीनं जागा धुऊन नेली होती. एक काळसर डाग आणि चार खेकडे.

पुढच्या आठवड्यात नमुन्यांच्या पिशव्या घेऊन ती रोह्याला निघाली. हिरामण त्याच गाडीनं कामावर चालला होता. नागोठण्याच्या आसपास हिरामणनं विचारलं, "तुला रोह्यात खोली मिळाली नव्हती ना? कमळाकर सांगत होता."

"नाही मिळाली."

"मला मिळाली. लगेच. मालकानं आडनाव विचारलं, मी सांगितलं गायकवाड. गायकवाड समद्यांत हायत. गणपती कुठं बसवता म्हणाला, मी म्हटलं गावाला." तो खिडकीबाहेर बघत बोलत होता. "तुझं बरं हाय. तुझं तोंडावरच दिसतं. तुला काय लपवायला नको."

"ते बरं आहे का?"

हिरामण तिच्याकडे वळला. "नाय," म्हणाला. "पण माझ्या खोलीत मी आईचा फोटो लावू शकत नाय. शेजारी भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर हाय त्यात."

स्टेशन आलं. त्यानं तिच्या दोन पिशव्या उचलून बाहेर ठेवल्या आणि शिफ्टला उशीर होईल म्हणून पळाला. दिनेओ फलाटावर उभी राहिली. त्याच्या जागी मी असते तर लपवणं निवडलं असतं की दिसणं, असा प्रश्न तिनं मनात धरून पाहिला. पिशव्यांतल्या मातीसारखाच तो जड आणि थंड होता.

पुढच्या मे महिन्यात शेवटचे नमुने घ्यायला ती तिवरखारला परतली, तेव्हा गावात लगबग होती. जनू पाटलांनी तालुक्याला खेटे घालून बौद्धवाडीसाठी नवी शेड मंजूर करून आणली होती. वाडीच्या मागे भराव घालून उंच केलेली जागा, नवे पत्रे, सिमेंटचा कट्टा, वर जायला पायऱ्या. टेकाडावरच्या शेडपेक्षाही चांगली. जनू पाटलांचा चेहरा उजळला होता. ठमाबाईच्या वेळचं ते विसरले नव्हते. त्यांच्या परीनं त्यांनी ते निस्तरलं होतं.

"दिनू, तू आलीस ते झाक झालं," ते म्हणाले. "उद्घाटन तुझ्या हस्ते. परदेशची पाव्हणी. तू म्हातारीला खांदा दिलास, गाव इसरलं नाय."

तिला नाही म्हणायला हवं होतं. तिच्या देशातही सरकार काळ्यांसाठी वेगळे दवाखाने बांधायचं, वेगळी उद्यानं, वेगळी स्टेशनं, आणि फोटो काढायचं. हे तिला तिथल्या तिथं आठवलं. ती हिरामणला शोधत गेली. तो पायऱ्यांशी उभा होता, कोऱ्या शर्टात.

"मी फीत कापू नये असं तुला वाटत असेल तर सांग," ती म्हणाली.

हिरामणनं शेडकडे पाहिलं. मग टेकाडाकडे. मग मैनाकडे, जिला आता दिवस गेले होते.

"काप," तो म्हणाला. "पाण्यात तरी जायला नको."

कृष्णाबाईनं तिच्या हातात कात्री दिली. मैना फुलांचं ताट धरून शेजारी उभी होती, कृष्णाबाईपासून हातभर अंतर राखून, ती राखते हे आता तिलाही जाणवत नसावं. कमळाकर फोटो काढत होता. दिनेओनं फीत कापली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, वाडीतल्यांनी आणि गावातल्यांनी, आपापल्या बाजूला उभं राहून. कोणीतरी तिच्या तोंडात पेढा भरवला.

पेढा गोड होता. तो चघळत ती थांबून राहिली, आत काही हलतंय का ते बघत. हिरामण पायऱ्या चढून वर गेला, कट्ट्यावर तळहात ठेवून त्यानं सिमेंट पक्कं आहे का ते दाबून पाहिलं, आणि खाली येऊन जनू पाटलांना म्हणाला, "चांगलं झालंय, दादा."